एका थेंबाचे निरीक्षण : तळ्यातील सूक्ष्म जीवसृष्टी आणि घरगुती सूक्ष्मदर्शक

सारांश :
तळे, डबके, विहीर यांतील पाण्याच्या एका थेंबात असंख्य सूक्ष्म जीव वावरत असतात. त्यांचे निरीक्षण करण्यासाठी सुसज्ज प्रयोगशाळेची आवश्यकता नसते. साधा घरगुती सूक्ष्मदर्शक, काचपट्टी आणि नोंदवही एवढ्या साधनांवर हा अभ्यास करता येतो. प्रस्तुत लेखात या अभ्यासाची ऐतिहासिक पार्श्वभूमी, साधनाची क्षमता व मर्यादा, नमुना घेण्याची पद्धत आणि नेहमी आढळणारे जीव यांचा परिचय करून दिला आहे. 'दिसणे' आणि 'कळणे' यांतील अंतर नारू या रोगाच्या इतिहासाच्या आधारे स्पष्ट करून, पदवी स्तरावरील अध्यापनात अशा निरीक्षणास कोणते स्थान देता येईल याचा विचार केला आहे.

बीजशब्द : सूक्ष्मदर्शक, गोड्या पाण्यातील सूक्ष्मजीव, आदिजीव, सायक्लॉप्स, नारू, निरीक्षण, प्रयोगवही.

१. प्रस्तावना :
जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याची पॅरामेशियमशी पहिली ओळख बहुधा पाठ्यपुस्तकातील आकृतीतून होते. त्यानंतर प्रयोगशाळेत त्याच्यासमोर रंग देऊन कायम केलेली काचपट्टी येते. त्या काचपट्टीवरील जीव मृत असतो. त्याची हालचाल थांबलेली असते आणि त्याचा रंगही त्याचा स्वतःचा नसतो. विद्यार्थी क्षणभर नेत्रभिंगातून पाहतो आणि प्रयोगवहीत मात्र पुस्तकातील आकृती उतरवून काढतो. ही आकृती सुबक असते, तिला सर्व नावे दिलेली असतात आणि तिच्यावर शिक्षकांची स्वाक्षरीही होते. परंतु विद्यार्थ्याने प्रत्यक्ष काय पाहिले, याचा उल्लेख त्या पानावर कोठेही नसतो.

या उणिवेवर एक अत्यंत स्वस्त उपाय गावाच्या तळ्यात उपलब्ध आहे. जिवंत थेंबातील जीव पुस्तकातील आकृतीप्रमाणे स्थिर राहत नाही. तो दृष्टिक्षेत्रातून निसटतो, वळतो, आकुंचन पावतो, कधी विभागतो. त्यामुळे पाहणाऱ्याला थांबावे लागते, पुन्हा शोधावे लागते आणि जे दिसले तेच लिहावे लागते. निरीक्षणाची ही शिस्त सूक्ष्मजीवांच्या अभ्यासाइतकीच जुनी असून तिचा उगम घरातच झाला आहे.

२. लेखाची उद्दिष्टे :
१) सूक्ष्म जलजीवांच्या निरीक्षणाची परंपरा थोडक्यात मांडणे.
२) घरगुती सूक्ष्मदर्शकाची क्षमता आणि मर्यादा स्पष्ट करणे.
३) नमुना गोळा करणे, काचपट्टी तयार करणे व नोंद ठेवणे यांची पद्धत सांगणे.
४) निरीक्षण आणि अनुमान यांतील संबंध एका प्रत्यक्ष उदाहरणाने दाखविणे.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी :
हॉलंडमधील डेल्फ्ट या गावचे आंतोन व्हान लेव्हेनहूक (१६३२-१७२३) हे कापडाचे व्यापारी होते. कापडातील धाग्यांची वीण तपासण्यासाठी त्या काळी भिंग वापरीत. लेव्हेनहूक यांनी स्वतः भिंगे घासून तयार करण्याची कला आत्मसात केली. त्यांचा सूक्ष्मदर्शक म्हणजे धातूच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये बसविलेले एकच लहानसे भिंग आणि समोर नमुना टोचण्यासाठी स्क्रूवर सरकणारे टोक. त्यांचे विद्यापीठीय शिक्षण झालेले नव्हते आणि डच भाषेखेरीज दुसरी भाषाही त्यांना अवगत नव्हती.

डेल्फ्टजवळ एक सरोवर होते. हिवाळ्यात स्वच्छ असणारे त्याचे पाणी उन्हाळ्यात पांढुरके होई आणि त्यात हिरवे पुंजके तरंगत. दवामुळे असे घडते, अशी स्थानिक लोकांची समजूत होती. लेव्हेनहूक यांनी ते पाणी कुपीत भरून घरी आणले आणि दुसऱ्या दिवशी भिंगाखाली पाहिले. त्यात त्यांना सर्पिल मांडणीच्या हिरव्या पट्ट्या आणि त्यांच्यामधून वेगाने फिरणारे अतिसूक्ष्म प्राणी दिसले. सप्टेंबर १६७४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पाठविलेल्या पत्रात त्यांनी हे वर्णन केले. त्या हिरव्या पट्ट्या म्हणजे आजच्या पाठ्यपुस्तकांतील स्पायरोगायरा असावे, असे अभ्यासक मानतात.

१६७६ सालच्या दीर्घ पत्रात त्यांनी पावसाच्या, विहिरीच्या आणि मिरी भिजविलेल्या पाण्यातील जीवांची वर्णने दिली. सोसायटीच्या सभासदांना या वर्णनांवर सहज विश्वास ठेवता आला नाही. लेव्हेनहूक यांनी हे जीव प्रत्यक्ष पाहिलेल्या प्रतिष्ठित व्यक्तींची निवेदने पाठविली आणि नोव्हेंबर १६७७ मध्ये रॉबर्ट हूक यांनी सोसायटीसमोर तसे जीव दाखविल्यावर शंका मिटली. १६८० साली लेव्हेनहूक सोसायटीचे सभासद झाले. स्वतःच्या घरी केलेले निरीक्षण, त्याची दिनांकासह नोंद आणि इतरांनी केलेली पडताळणी हे त्यांच्या कार्याचे तीन टप्पे आजही अनुकरणीय आहेत.

याच परंपरेतील दुसरे नाव आब्राम ट्रेम्ब्ली यांचे होय. हेगजवळ एका सरदाराच्या निवासस्थानी ते मुलांचे शिक्षक होते. १७४० साली त्यांनी डबक्यातील पाणवनस्पतींबरोबर आलेला एक हिरवा, तंतुमय जीव पाहिला. ही वनस्पती की प्राणी, असा त्यांना प्रश्न पडला. उत्तर शोधण्यासाठी त्यांनी त्या जीवाचे दोन तुकडे केले. दोन्ही तुकड्यांपासून दोन परिपूर्ण जीव तयार झाले. तरीही स्पर्शिकांनी भक्ष्य पकडण्याची त्याची रीत पाहून त्यांनी त्यास प्राणी ठरविले. हाच हायड्रा. १७४४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने प्रायोगिक प्राणिशास्त्राचा पाया घातला. मुलांना शिकवीत असताना, काचेच्या बरण्या आणि साध्या भिंगाच्या साहाय्याने हे संशोधन झाले, ही बाब अध्यापकांनी लक्षात घेण्याजोगी आहे.

४. घरगुती सूक्ष्मदर्शक : क्षमता व मर्यादा :
उघड्या डोळ्यांना साधारणपणे ०.१ मिलिमीटरपेक्षा कमी अंतरावरील दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. प्रकाशावर चालणाऱ्या सूक्ष्मदर्शकाची विभेदनक्षमता उत्तम परिस्थितीत सुमारे ०.२ मायक्रोमीटरपर्यंत पोचते. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यामुळे केवळ विवर्धनाचा आकडा वाढविल्याने अधिक तपशील दिसतो, ही समजूत चुकीची आहे. एका मर्यादेनंतर प्रतिमा मोठी होते, पण अधिक स्पष्ट होत नाही.

विद्यार्थ्यांच्या नेहमीच्या सूक्ष्मदर्शकात १० पट विवर्धनाचे नेत्रभिंग आणि ४, १० व ४० पट विवर्धनाची वस्तुभिंगे असतात. दोहोंच्या गुणाकाराने ४०, १०० आणि ४०० पट विवर्धन मिळते. तळ्यातील जीवांसाठी एवढे पुरेसे आहे. विवर्धन वाढते तसे दृष्टिक्षेत्र लहान होते. सर्वांत कमी विवर्धनावर पारदर्शक मोजपट्टी ठेवून दृष्टिक्षेत्राचा व्यास मोजता येतो. तो ४.५ मिलिमीटर भरला, तर १०० पट विवर्धनाला १.८ मिलिमीटर आणि ४०० पट विवर्धनाला ०.४५ मिलिमीटर उरतो. एखादा जीव या ०.४५ मिलिमीटरच्या क्षेत्राचा निम्मा भाग व्यापत असेल, तर त्याची लांबी सुमारे ०.२२ मिलिमीटर आहे, असे लगेच सांगता येते. एवढ्या साध्या त्रैराशिकाने वर्णनाला मापाचा आधार मिळतो.

अलीकडच्या काळात घरगुती निरीक्षणास आणखी एक साधन मिळाले आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मनू प्रकाश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या 'फोल्डस्कोप' या कागदी सूक्ष्मदर्शकाचे वर्णन २०१४ साली प्रसिद्ध झाले. कागदाच्या घड्यांत बसविलेले एकच गोलाकार भिंग सुमारे १४० पट विवर्धन देते. भारत सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागानेही त्याच्या प्रसाराचा कार्यक्रम राबविला. लेव्हेनहूक यांचे एकभिंगी तत्त्व साडेतीनशे वर्षांनंतर अशा प्रकारे पुन्हा विद्यार्थ्यांच्या हाती आले आहे.

मर्यादांचीही स्पष्ट जाणीव हवी. ४०० पट विवर्धनाला जीवाणू केवळ थरथरणाऱ्या ठिपक्यांसारखे किंवा बारीक काड्यांसारखे दिसतात. त्यांची जात अथवा उपद्रव त्यावरून ठरत नाही. विषाणू तर दिसतच नाहीत. म्हणून घरगुती सूक्ष्मदर्शकातून पाहून पाणी पिण्यायोग्य आहे, असा निर्वाळा देणे सर्वथा अयोग्य ठरते.

५. नमुना आणि काचपट्टी :
तळ्याच्या मध्यभागातील नितळ पाण्यात तुलनेने कमी जीव आढळतात. काठावरील शेवाळ, पाण्यात बुडालेली पाने, कुजलेल्या काड्या आणि तळाचा वरवरचा गाळ येथे त्यांची दाटी असते. आपल्याकडील नद्या-तळ्यांना व्यापून टाकणाऱ्या जलपर्णीच्या झुपकेदार मुळ्या वाटीत पिळल्या असता मिळणारे गढूळ पाणी या दृष्टीने फार समृद्ध असते. बरणीत थोडी पाणवनस्पती घालावी, बरणी काठोकाठ न भरता तोंड सैल झाकावे आणि ती थेट उन्हात न ठेवता उजेडाच्या जागी ठेवावी. बरणीवर ठिकाण, दिनांक आणि वेळ लिहावी. असा नमुना काही दिवस ठेवला असता त्यातील जीवांचे प्रमाण बदलत जाते. हा बदल स्वतंत्र अभ्यासाचा विषय होऊ शकतो. नमुना हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि ते पाणी नाकातोंडाशी नेऊ नये.

काचपट्टीवर एक थेंब ठेवून आच्छादन काच एका कडेने तिरपी टेकवून हळूहळू सोडावी, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. नवखा निरीक्षक काळ्या कडेच्या या बुडबुड्यांनाच प्रथम जीव समजतो. पॅरामेशियम सेकंदाला सुमारे एक मिलिमीटर अंतर कापते, म्हणजे ४०० पट विवर्धनाला ते अर्ध्या सेकंदाच्या आत दृष्टिक्षेत्राबाहेर जाते. थेंबात कापसाचे तीन-चार तंतू टाकले तर त्यांच्या जाळ्यात जीवांचा वेग मंदावतो. प्रथम नेहमी कमी विवर्धन वापरावे. वस्तुभिंग बाजूने पाहत काचपट्टीजवळ आणावे आणि नेत्रभिंगातून पाहताना ते दूर नेत प्रतिमा स्पष्ट करावी. पारदर्शक जीव प्रखर उजेडात हरवतात, म्हणून प्रकाश कमी करणे हितावह असते. आरशाच्या सूक्ष्मदर्शकाचा आरसा मात्र सूर्याकडे कधीही वळवू नये, त्याने डोळ्यास गंभीर इजा होऊ शकते. थेंब सुकू लागल्यास काचेच्या कडेला पाण्याचा आणखी एक थेंब सोडावा.

६. थेंबातील रहिवासी :
६.१ आदिजीव : पॅरामेशियमचे शरीर असंख्य पक्ष्माभिकांनी आच्छादलेले असते आणि त्यांच्या लयबद्ध हालचालीमुळे ते स्वतःभोवती फिरत पुढे सरकते. शांत झालेल्या पॅरामेशियममध्ये दोन संकोचशील रिक्तिका आळीपाळीने फुगताना व मिटताना दिसतात. पेशीतील द्रवाची संहती बाहेरच्या गोड्या पाण्यापेक्षा अधिक असल्याने परासरणामुळे पाणी सतत आत शिरते. ते बाहेर टाकले नाही तर पेशी फुटेल. मिनिटाला होणारी आकुंचने मोजली आणि नंतर अत्यंत सौम्य मिठाचे पाणी कडेने सोडले, तर हा वेग मंदावतो. परासरणाची व्याख्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्याला तिचा अर्थ येथे डोळ्यांसमोर दिसतो.

युग्लीनामध्ये हरितद्रव्य असते, म्हणून उजेडात ती स्वतःचे अन्न तयार करते. तिला कशाभिका असते, म्हणून ती पोहते. लाल नेत्रबिंदूजवळील प्रकाशसंवेदी भागाच्या साहाय्याने ती प्रकाशाची दिशा ओळखते. वनस्पती आणि प्राणी ही दुहेरी विभागणी अपुरी का ठरली, याचे उत्तर हा एकच जीव देतो. व्हॉर्टिसेला हा घंटेच्या आकाराचा जीव लांब देठाने काडीला किंवा मुळीला चिकटलेला असतो. काचपट्टीला किंचित धक्का लागताच त्याचा देठ स्प्रिंगप्रमाणे गुंडाळला जातो. हे आकुंचन सेकंदाच्या काही सहस्रांश भागात घडते आणि देठ पुन्हा उलगडण्यास मात्र कितीतरी अधिक वेळ लागतो.

६.२ बहुपेशीय जीव : रोटिफर आकाराने अनेकदा पॅरामेशियमएवढाच असतो, तथापि त्याचे शरीर अनेक पेशींचे असून त्यास जबड्यासह पचनमार्ग असतो. डोक्यावरील पक्ष्माभिकांची वलये फिरत्या चाकांचा भास निर्माण करतात. प्रत्यक्षात कोणतेही चाक फिरत नाही, पक्ष्माभिका क्रमाने वाकतात एवढेच. काही रोटिफर वाळलेल्या अवस्थेत दीर्घकाळ टिकतात व पाणी मिळताच पुन्हा हालचाल करू लागतात. छपराच्या पन्हाळीतील सुक्या गाळावर पाणी टाकून लेव्हेनहूक यांनी १७०२ साली हे दाखविले होते.

डॅफ्निया या पारदर्शक कवचधारी जीवाचे हृदय बाहेरून धडधडताना दिसते. सायक्लॉप्स सुमारे एक मिलिमीटरचा असतो आणि उघड्या डोळ्यांना झटके देत पळणाऱ्या पांढुरक्या ठिपक्यासारखा भासतो. ४० पट विवर्धनाला त्याचा मध्यभागी असलेला एकच डोळा आणि मादीच्या शेपटीजवळील अंड्यांच्या दोन पिशव्या स्पष्ट दिसतात. या जीवाचा महाराष्ट्राच्या आरोग्याच्या इतिहासाशी निकटचा संबंध आहे.

७. दिसणे आणि कळणे : नारूचे उदाहरण :
एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई सेवेतील शल्यचिकित्सक हेन्री जॉन कार्टर (१८१३-१८९५) मुंबई बेटावरील तळ्यांचे सूक्ष्मदर्शकातून निरीक्षण करीत असत. गोड्या पाण्यातील स्पंजांवर १८४० च्या दशकात आणि सूक्ष्म जीवांवर १८५६ साली त्यांचे लेख प्रसिद्ध झाले. ज्या मुंबईत आज धोबी तलाव आणि सी. पी. टँक ही केवळ ठिकाणांची नावे उरली आहेत, तेथे त्या काळी खरोखरीची तळी होती.

त्याच मुंबईत नारूचा उपद्रव होता. पायातून हळूहळू बाहेर येणारा, मीटरभर लांबीपर्यंत वाढणारा हा कृमी रुग्णाला कित्येक आठवडे अंथरुणाला खिळवून ठेवी. कार्टर यांना तळ्यांच्या पाण्यात मुक्तपणे जगणारे अतिसूक्ष्म सूत्रकृमी आढळले. नारूशी त्यांचे साम्य पाहून या दोहोंचा संबंध असावा, असे अनुमान त्यांनी केले. १८५९ साली त्यांनी या विषयावर लेखही प्रसिद्ध केला. त्यांचे निरीक्षण अचूक होते. तळ्यात सूत्रकृमी होतेच. अनुमान मात्र चुकले. साम्य हा संबंधाचा पुरावा ठरत नाही.

१८७० साली रशियन निसर्गशास्त्रज्ञ अलेक्सी फेडचेन्को यांनी तुर्कस्तान प्रांतात नारूच्या अळ्या सायक्लॉप्सच्या शरीरात शिरून वाढतात, हे प्रत्यक्ष पाहिले. येथून रोगाचे चक्र उलगडत गेले. नारू झालेली व्यक्ती पायऱ्यांच्या विहिरीत उतरली की पायाच्या फोडातून अळ्या पाण्यात सुटतात. सायक्लॉप्स त्या गिळतो. ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात सायक्लॉप्स मरतो, अळ्या मोकळ्या होतात आणि सुमारे वर्षभराने मादी कृमी त्वचेतून बाहेर येऊ लागतो. कार्टर यांनी तपासलेल्या तळ्यांसारख्या पाण्यात सायक्लॉप्स हा नेहमीचा रहिवासी असतो. उत्तर डोळ्यांसमोरून पळत असतानाही योग्य प्रश्न विचारला जाईपर्यंत ते ओळखता येत नाही, हा या इतिहासाचा बोध होय.

या रोगावर लस नाही आणि कृमी नष्ट करणारे औषधही नाही. तरीही भारतातून तो हद्दपार झाला. महाराष्ट्रासह सात राज्यांत त्याचा प्रादुर्भाव होता. १९८० च्या दशकात सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात पिण्याचे पाणी दाट विणीच्या कापडातून गाळणे, पायऱ्यांच्या विहिरींचे रहाटाच्या विहिरींत रूपांतर करणे, हातपंप बसविणे आणि पाण्यातील सायक्लॉप्स औषधाने नष्ट करणे, असे उपाय योजण्यात आले. देशातील शेवटचा रुग्ण १९९६ साली राजस्थानात आढळला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त असल्याचे प्रमाणित केले. एक मिलिमीटरचा सायक्लॉप्स कापडाच्या विणीतून जाऊ शकत नाही, या साध्या मापावर त्यातील पहिला उपाय आधारलेला होता. घागरीच्या तोंडाला फडके बांधण्याची घरोघरची जुनी रीत या ज्ञानामुळे रोगप्रतिबंधाचे साधन ठरली. मात्र हेच फडके पटकीचा जीवाणू पूर्णपणे अडवू शकत नाही, कारण तो मायक्रोमीटरच्या मापाचा आहे. कोणता उपाय कोठे चालतो, हे आकारमानाच्या ज्ञानावाचून ठरत नाही.

८. अध्यापनातील स्थान :
विद्यापीठ अनुदान आयोगाने २०११ साली प्राण्यांचे विच्छेदन टप्प्याटप्प्याने थांबविण्याच्या मार्गदर्शक सूचना दिल्या आणि २०१४ साली ते पूर्णपणे बंद करण्याची भूमिका घेतली. त्यानंतर अनेक ठिकाणी प्रात्यक्षिकांची जागा तक्ते, प्रतिकृती आणि संगणकीय चित्रफितींनी घेतली. ही साधने उपयुक्त असली तरी त्यांत अनपेक्षित असे काही घडत नाही. तळ्याच्या थेंबात मात्र शिक्षकालाही ओळखता न येणारा जीव केव्हाही समोर येतो. अशा वेळी 'हा कोणता जीव असावा, हे शोधावे लागेल' असे विद्यार्थ्यांसमोर मान्य करणे हा अध्यापनाचाच भाग समजला पाहिजे.

यासाठी प्रयोगवहीच्या स्वरूपात थोडा बदल आवश्यक आहे. प्रत्येक निरीक्षणात ठिकाण, दिनांक, विवर्धन, अंदाजे माप, हालचालीचे वर्णन आणि पुस्तक बंद ठेवून काढलेली आकृती असावी. निरीक्षण व अनुमान यांसाठी स्वतंत्र रकाने असावेत. 'हिरवा आहे, प्रकाशाकडे सरकतो' हे निरीक्षण, तर 'युग्लीना असावी' हे अनुमान. आकृतीच्या सुबकतेपेक्षा तिच्या प्रामाणिकपणास गुण द्यावेत. एकाच तळ्याचा नमुना पावसाळ्यानंतर, हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात तपासल्यास रसायनशास्त्र, भूगोल व संख्याशास्त्र या विभागांनाही त्यात सहभागी होता येईल. कॅमेऱ्याच्या भ्रमणध्वनीने नेत्रभिंगातून चित्रण करणे आज सहज शक्य आहे. परंतु चित्रणाआधी हाताने आकृती काढण्याचा आग्रह धरावा, कारण आकृती काढताना डोळा प्रत्येक भागापाशी थांबतो.

९. समारोप :
सूक्ष्म जलजीवांच्या निरीक्षणाचा प्रारंभ एका कापड व्यापाऱ्याच्या घरात झाला, एका शिक्षकाने मुलांना शिकवीत असताना त्यास प्रयोगाची जोड दिली आणि मुंबईच्या तळ्यांवरही त्याची परंपरा निर्माण झाली. या इतिहासातून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली अशी की, या अभ्यासासाठी लागणारी साधने लहानातल्या लहान महाविद्यालयाच्या आवाक्यात आहेत. दुसरी अशी की, पाहिलेल्या गोष्टीची नोंद आणि तिच्यावरून काढलेला निष्कर्ष वेगळे ठेवण्याची सवय लावून घ्यावी लागते. कार्टर यांचा निष्कर्ष चुकूनही त्यांच्या नोंदी आज वाचता येतात, तपासता येतात आणि त्यांपासून शिकता येते, कारण त्या प्रत्यक्ष पाहून लिहिलेल्या होत्या. पुस्तकातून उतरविलेल्या आकृतीपासून असे काहीच शिकता येत नाही. महाविद्यालयाच्या परिसरातील तळे बुजण्यापूर्वी त्यातील जीवांची निदान एका वर्षाची नोंद विद्यार्थ्यांच्या हस्ताक्षरात तयार व्हावी, एवढे उद्दिष्ट प्रत्येक जीवशास्त्र विभागाने ठेवल्यास ते साध्य होण्यास कोणतीही मोठी अडचण दिसत नाही.